हायस्कूलचं पहिलं वर्ष: परांची एकदम उतरवू नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवं शैक्षणिक वर्ष जवळ आलं की हायस्कूलमध्ये जाणाऱ्या मुलांच्या घरी चर्चा ठरलेली असते. शिकवणी कुठली लावायची, गणित जड जाईल का, किती टक्के पडतील. वृत्तपत्रांतही बहुधा याच विषयांवर लिहून येतं. माध्यमिक शाळेत शिकवणारे आणि मुलांचं समुपदेशन करणारे म्हणून आम्हांला पालकांचं लक्ष दुसरीकडे वेधायचं आहे. पहिल्या वर्षी अडखळणाऱ्या बऱ्याच मुलांना विषय समजत असतो. त्यांना कामांचा मेळ घालता येत नसतो.

हायस्कूल कुठे आठवीला सुरू होतं, कुठे नववीला, पण बदल सगळीकडे सारखाच. आधीच्या शाळेत एक-दोन शिक्षक मुलाला दिवसभर बघत असतात. आज कोण गप्प आहे, कोणाची वही अपुरी आहे, मधल्या सुट्टीत कोण एकटं बसलंय, हे त्यांच्या नजरेतून सहसा सुटत नाही. हायस्कूलमध्ये सात-आठ विषय, तितकेच शिक्षक, आणि प्रत्येक शिक्षकाकडे अनेक वर्ग. भाषेच्या सरांनी ज्या दिवशी निबंध मागितलाय, त्याच दिवशी आपण चाचणी ठेवतोय, हे विज्ञानाच्या बाईंना ठाऊक नसतं. सगळ्या विषयांचं चित्र एकत्र दिसणारी व्यक्ती एकच उरते, ती म्हणजे ते मूल. आणि त्या वयात मेंदूचा पुढचं बघणारा, क्रम लावणारा भाग अजून घडत असतो. तो पुरता पक्का व्हायला विशीचा मध्य उजाडतो.

अशा वेळी पालक दोन टोकांना जातात. काही जण ‘आता मोठा झालास, तुझं तू बघ’ म्हणून एका दिवसात हात काढून घेतात. काही जण मुलाची वही, तारखा, दप्तर सगळं स्वतःच सांभाळत राहतात. पहिल्या घरात दोन महिन्यांनी पडझड होते. दुसऱ्या घरात पडझड दिसत नाही, ती काही वर्षं पुढे ढकलली जाते. इमारतीभोवतीची परांची भिंत पक्की होईपर्यंत ठेवतात आणि उतरवतात तीही मजल्यामजल्याने. १९७६ साली डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी, मोठ्यांनी मुलांना द्यायच्या मदतीसाठी नेमका हाच शब्द वापरला. ही परांची कशी बांधायची आणि कधी उतरवायची, हे थोडं तपशिलात सांगावं म्हणून हे पत्र.

पहिल्या वर्षाला इतकं महत्त्व का द्यायचं, याचं उत्तर शिकागोमधल्या एका अभ्यासात सापडतं. एलेन ॲलनस्वर्थ आणि जॉन ईस्टन या संशोधकांनी २००५ मध्ये तिथल्या सार्वजनिक शाळांमधल्या मुलांची माहिती तपासली. हायस्कूलच्या पहिल्या वर्षी जी मुलं रुळावर होती, म्हणजे पुढच्या इयत्तेत जाण्याइतकं काम पूर्ण करून मुख्य विषयांत फार तर एकदाच एका सत्रात नापास झाली होती, ती चार वर्षांत शाळा पूर्ण करण्याची शक्यता रुळावरून घसरलेल्या मुलांच्या साडेतीन पट होती. त्यांच्याच पुढच्या कामात दिसलं की मूल पहिल्या वर्षी नापास होईल का, हे आधीच्या परीक्षांतल्या गुणांपेक्षा हजेरीवरून जास्त कळतं. म्हणजे हुशार मूलही घसरू शकतं आणि मध्यम गुणांचं मूल नीट टिकू शकतं.

आता घरी करायच्या कामाकडे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी, मुलासोबत २० मिनिटं बसा. जवळ एकच डायरी हवी, दोन पानांवर आख्खा आठवडा दिसेल अशी. प्रत्येक विषयाची वेगळी चिठ्ठी, थोडं फोनमध्ये, थोडं हातावर लिहिलेलं, असा कारभार तिसऱ्या आठवड्यापुढे टिकत नाही. पेन मुलाच्या हातात राहू द्या. तुम्ही फक्त विचारायचं.

पहिली पाच मिनिटं दप्तराची. सगळं दप्तर जमिनीवर रिकामं करायला सांगा. तळाशी चुरगळलेले कागद निघतात. त्यांचे तीन ढीग करायचे: द्यायचे, वहीत लावायचे, टाकून द्यायचे. पहिल्या ढिगात पूर्ण केलेला, तरीही न दिलेला गृहपाठ हमखास सापडतो. मुलाने तो रात्री जागून केलेला असतो, दप्तराच्या तळाशी गेलेला असतो, आणि त्याबद्दल शून्य गुण पडलेले असतात. याला आळस म्हणता येत नाही. द्यायच्या कागदांसाठी दप्तरात एकच वेगळ्या रंगाची फाइल ठेवली आणि कागद लिहून संपल्याक्षणी तिच्यात गेला, तर हा घोळ बहुतांशी मिटतो.

पुढची दहा मिनिटं तारखांची. इथे जवळपास प्रत्येक मूल एकच चूक करतं. काम देण्याची तारीख लिहितं, काम करण्याची लिहीतच नाही. गुरुवारी निबंध द्यायचा, एवढी नोंद पुरत नाही. सोमवारी संध्याकाळी मुद्दे, मंगळवारी कच्चा मसुदा, बुधवारी पक्की प्रत, अशा तीन नोंदी त्या-त्या दिवसाखाली हव्यात. उरलेल्या पाच मिनिटांत आठवड्यातली कुठली रात्र सगळ्यात जड आहे ते शोधा. त्या रात्री पाहुणे, बाहेरची कामं शक्यतो ठेवू नका. मुलाला लागणारं साहित्य किंवा कुठे सोडायला जायचं असेल तर तेही इथेच ठरवा, म्हणजे रात्री दहा वाजता ‘उद्या तक्ता लागतो’ हे वाक्य ऐकावं लागत नाही.

मोठ्या प्रकल्पांचं आणखी वेगळं. २१ दिवसांनी द्यायचा प्रकल्प हातात आला की तेरा वर्षांच्या मुलाला २१ दिवस म्हणजे अथांग वेळ वाटतो. म्हणून शेवटच्या दिवसापासून उलटं मोजायला शिकवा. एकविसावा दिवस देण्याचा. एकोणीस-वीस राखीव, कारण छपाईयंत्र नेमकं त्याच दिवशी बिघडतं आणि जोडीदार नेमका त्याच दिवशी आजारी पडतो. अठराव्या दिवशी पक्की प्रत तयार. बाराव्या दिवशी पहिला मसुदा, कितीही ओबडधोबड असला तरी. सातव्या दिवशी माहिती गोळा झालेली. आणि दुसऱ्या दिवशी विषय शिक्षकांना सांगून नक्की केलेला. हा दुसरा दिवस आम्हांला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण विषय फार मोठा निवडला तर तो तिथेच लहान करून मिळतो.

मुलं वेळेचा अंदाज कमी धरतात. मोठेही धरतात. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच माणसाची ही खोड मांडून ठेवली आहे. उपाय साधा आहे. दोन आठवडे प्रत्येक कामाआधी मुलाने अंदाज लिहायचा, संपल्यावर लागलेला वेळ लिहायचा. गणिताचा सराव ‘२० मिनिटं’ म्हणून सुरू होतो आणि ४५ मिनिटं घेतो, हे आपल्याच हस्ताक्षरात दिसलं की वाद घालावा लागत नाही.

हे सगळं तुम्ही कायम करायचं नाही. पहिले सहा आठवडे दोघांनी मिळून बसायचं. सत्राच्या मध्यापासून मुलाने आधी एकट्याने डायरी भरायची आणि तुम्हाला पाच मिनिटांत वाचून दाखवायची. दुसऱ्या सत्रात तुम्ही एकच प्रश्न विचारायचा: या आठवड्यात सगळ्यात अडचणीचा दिवस कुठला? उत्तर लगेच आलं तर परांचीचा आणखी एक मजला उतरवा. उत्तर आलं नाही तर रागावू नका, एक पायरी मागे जाऊन दोन आठवडे पुन्हा सोबत बसा. शाळेच्या ॲपवर गुण दिसत असतील तर ते आठवड्यातून एकदा, याच वेळी, मुलानेच उघडून दाखवायचे. पालक दिवसातून चार वेळा ॲप बघतात तेव्हा शिक्षकांनी अजून न भरलेला गुण त्यांना शून्य वाटतो, आणि मूल घरात पाऊल टाकतं ते उलटतपासणीतच.

झोपेबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण घराघरांतली निम्मी भांडणं इथून सुरू होतात. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं, म्हणून जे मूल नऊला पेंगायचं ते आता साडेदहालाही टक्क जागं असतं. हा हट्ट नसतो. पण गरज कमी झालेली नसते: अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ८ ते १० तास सांगितले आहेत. सहाला उठायचं असेल तर दहाला डोळा लागलेला हवा, म्हणजे साडेनऊला दिवे मंद. सुट्टीत एकला झोपणाऱ्या मुलाला शाळेच्या आदल्या रात्री दहाला झोपवता येत नाही. शाळा सुरू होण्याच्या साडेतीन आठवडे आधीपासून उठण्याची वेळ दर दोन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. झोपण्याची वेळ मागोमाग येते, तिची जबरदस्ती करावी लागत नाही. उठल्यावर अर्धा तास उजेडात, शक्यतो घराबाहेर. सुट्टीच्या दिवशी उठायला तासाभराहून जास्त उशीर नको, नाहीतर दोन दिवसांत आठवड्याची कमाई जाते. फोन रात्री मुलाच्या खोलीबाहेर चार्जिंगला. हा नियम घरातल्या मोठ्यांनाही लागू असेल तरच टिकतो, आणि गजरासाठी फोन लागतो ही सबब एका साध्या घड्याळाने मिटते.

अभ्यासाच्या पद्धतीतही हायस्कूलमध्ये जुनं चालत नाही. आधी धडा दोनदा वाचला की भागायचं. आता धडे लांब, परीक्षा महिन्यांनी. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे असतात. पण आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठवून बघणारे त्यांना मागे टाकतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे येतंच, असा भास होतो. घरी करायचं ते असं: धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर १० मिनिटं आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाने भरायचं. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा तसंच. पहिल्यांदा कागद निम्मा कोरा राहतो आणि मूल हिरमुसतं. ते कोरेपण म्हणजेच अभ्यास सुरू झाल्याची खूण, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

पहिल्या चाचणीची उत्तरपत्रिका घरी येते तेव्हा तर पालकांची खरी कसोटी. समजा ४० पैकी २३ मिळाले. ‘अभ्यास कर’ या दोन शब्दांतून मुलाला काहीच मिळत नाही. गेलेले १७ गुण कुठे गेले ते दोघांनी मिळून शोधा. प्रत्येक चुकीपुढे पेन्सिलने चारपैकी एक खूण करायची: येत नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही. समजा खुणा मोजल्यावर ४, ६, ५ आणि २ गुण निघाले. मग चित्रच बदलतं. खरोखर न समजलेलं फक्त ४ गुणांचं; त्यासाठी शिक्षकांना विचारायचं. आठवलं नाही त्या ६ गुणांवर वर सांगितलेला कोऱ्या कागदाचा उपाय. प्रश्न चुकीचा वाचल्याचे ५ गुण म्हणजे ‘कारणे द्या’ विचारलं तिथे वर्णन लिहिलं. पुढच्या वेळी उत्तर लिहिण्याआधी प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारायची. वेळेच्या २ गुणांसाठी एकदा घड्याळ लावून सराव. तासाभराच्या या कामानंतर मुलाला कळतं की ‘मला विज्ञान येत नाही’ हे वाक्यच खोटं होतं. इतकी मोलाची उत्तरपत्रिका बहुतेक घरांत सही होऊन कपाटात जाते, याचं आम्हांला फार वाईट वाटतं.

शिक्षकांशी बोलायला आधी मुलाला पाठवा. मात्र ‘जाऊन विचार’ म्हटल्याने तेरा वर्षांचं मूल जात नाही, त्याला तोंडात वाक्य द्यावं लागतं. ‘सर, तिसऱ्या उदाहरणात दुसरी पायरी मला कळली नाही. मी दोनदा करून पाहिलं, उत्तर वेगळं येतंय. कधी भेटू?’ काय अडलं, काय करून पाहिलं, कधी भेटायचं. घरी एकदा मोठ्याने म्हणून घेतलं की दारापर्यंत गेलेली पावलं परत फिरत नाहीत. आठवड्याभरात काही घडलं नाही तर पालकांनी लिहावं, तेही चार ओळींत आणि मुलाला दाखवून. छळ, मारहाण, तब्येत किंवा अपमान यांपैकी काही असेल तर मात्र ही पायरी गाळा. तिथे मोठ्यांनी त्याच दिवशी जायचं.

मुलाला आधीच्या शाळेत जादा वेळ, पुढची जागा, मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका अशी काही सवलत होती का? ती माहिती नव्या शाळेत आपोआप पोहोचतेच असं धरू नका. कागदपत्रांच्या प्रती घेऊन पहिल्या पंधरवड्यात भेटा.

गैरहजेरीचं गणित पालकांना लहान वाटतं. पण एक दिवस बुडतो तेव्हा सात विषयांचे सात तुकडे बुडतात आणि ते गोळा करून द्यायला कोणी येत नाही. दोन वेगवेगळ्या घोळक्यांतल्या दोन वर्गमित्रांचे नंबर पहिल्याच आठवड्यात डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे एक नसला तर दुसरा. नोंदी त्याच संध्याकाळी मागायच्या, आणि जितके दिवस बुडाले तितक्याच दिवसांत भरून काढायचे. त्यापुढे गेलं की मूल वर्गात बसूनही गैरहजर असतं.

मैत्रीबद्दल पालक फारसं काही करू शकत नाहीत आणि करूही नये. पण मधली सुट्टी ही पहिल्या महिन्यातली सगळ्यात अवघड वेळ असते, कारण तिथे कुठे बसायचं हे कोणी ठरवून देत नाही. आठवड्यातून एकदा तीच मुलं भेटतील असा एखादा खेळ, वाद्यवृंद, विज्ञान मंडळ, काहीही एक निवडू द्या. पहिल्या सत्रात दोनाहून जास्त नकोच. जुन्या मित्रांना भेटणं चालू ठेवा. शाळा सुरू होण्याआधी घर ते शाळा हा प्रवास खऱ्या वेळेला दोनदा करून पाहा, आणि आत जायला मिळालं तर स्वच्छतागृह, कार्यालय, ग्रंथालय, प्रयोगशाळा एवढं चालून दाखवा. मोठ्यांना हे क्षुल्लक वाटतं, पण स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारायची लाज वाटून दिवसभर पाणी न पिणारी मुलं असतात.

‘शाळा कशी होती?’ याला ‘बरी’ एवढंच उत्तर मिळतं. ‘आज कुठला तास संपता संपेना?’ असं विचारून बघा. समोरासमोर बसवून विचारण्यापेक्षा शेजारी चालताना, भांडी पुसताना मुलं जास्त बोलतात. आणि तोडगा सांगायची घाई झाली तर आधी विचारा: नुसतं ऐकू की मदत करू?

सुरुवातीची थोडी चिडचिड, थकवा, रडू येणं स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक बदलली, आवडीच्या गोष्टी सुटल्या, फक्त शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखू लागलं, मित्रांचे फोन घेणं बंद झालं, तर वर्गशिक्षकांना आणि डॉक्टरांना भेटा. शाळेत जायलाच नकार असेल तर ‘राहू दे चार दिवस घरी’ हा दिलासा उलटतो, घरी काढलेला प्रत्येक दिवस परत जाणं आणखी अवघड करतो. जगायला नको, स्वतःला इजा करावीशी वाटते, असं काही मुलाच्या बोलण्यात आलं तर वाट बघू नका. त्याच दिवशी मदत घ्या, तोवर मुलाला एकटं सोडू नका, आणि थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही.

शेवटी शाळांना, म्हणजे आमच्याच सहकाऱ्यांना दोन विनंत्या. पहिली, सगळ्या विषयांच्या चाचण्या आणि प्रकल्पांच्या तारखा शिक्षक-खोलीत एकाच तक्त्यावर लिहा आणि एका दिवशी दोनाहून जास्त येऊ देऊ नका. त्या तक्त्याची प्रत पहिल्याच आठवड्यात प्रत्येक घरी जाऊ द्या. दुसरी, नव्या मुलांच्या पालकांची पहिली सभा सत्र संपल्यावर निकालासोबत ठेवण्याऐवजी पाचव्या आठवड्यात ठेवा. तोवर कोणाची हजेरी गळतेय, कोणाचे गृहपाठ येत नाहीत हे आम्हांला दिसलेलं असतं, आणि सत्र हातात असतं.

आपले,
माध्यमिक शाळेतील काही शिक्षक व समुपदेशक